बंदुकीचा तिसरा तुकडा

त्याचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. बँक उघडायची दहाला. मधले सहा तास हा माणूस करतो काय, असं आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाने कधी ना कधी विचारलं होतं. मला विचारावं लागलं नाही. मी विमानतळावर सामान चढवायचो आणि माझी पाळी पाचची. चारला दार ओढून बाहेर पडलो की शेजारच्या खिडकीत दिवा दिसायचा. तो जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून बंदूक पुसत बसलेला असायचा.

तो बँकेच्या दारावरचा बंदूकवाला पहारेकरी. या कामात त्याला बावीस वर्षं झाली होती. बंदूक बँकेची नाही, पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीची नाही, त्याची स्वतःची. दुनळी. तरुणपणी सहा वर्षं सिमेंटच्या गोण्या वाहून घेतलेली. स्वतःची बंदूक असलेल्या पहारेकऱ्याला काठीवाल्याच्या दुप्पट पगार मिळतो. पण बंदुकीला परवाना लागतो आणि परवान्यावर पोलीस केसचा डाग चालत नाही. परवाना गेला की बंदूक गेली, बंदूक गेली की नोकरी गेली, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या हातात काठीसुद्धा कोणी देत नाही. हे त्याला झोपेतही पाठ होतं. घरात दोघंच, तो आणि बायको. दुसरं कमावणारं कोणी नाही.

पुसून झाली की आंघोळ, बुटांना पॉलिश, आणि मग सव्वा तास चालत बँक. बस घरासमोरून जायची. तो एकदाही चढला नाही. "गर्दीत नेलेली बंदूक आपली राहत नाही," म्हणायचा. आठला पैशांची गाडी यायची, त्याच्या आधी हा हजर. मग आठ तास उभा. उभं राहणं हे काम आहे, हे ज्याने केलं नाही त्याला पटत नाही. मी आयुष्यभर वजनं उचलली. वजन उचलताना निदान रक्त फिरतं. उभ्या माणसाचं रक्त पोटऱ्यांत साठतं. त्याच्या पोटऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या. बँकेने खुर्ची दिली होती. तिच्यावर त्याची पाण्याची बाटली बसायची.

त्याला आम्ही खातरजमा म्हणायचो. दूधवाल्याने माप ओतलं, "खातरजमा कर." भाजीवालीने सुट्टे दिले, "खातरजमा कर." कुलूप लावलं की तीनदा ओढायचा, चार पायऱ्या उतरायचा आणि पाचवीवरून परत वर यायचा. एकदा वहिनी, म्हणजे त्याची बायको, सगळ्यांसमोर म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी मला विचारलं, तूच ना कालची?"

मजला पोट धरून हसला. तो हसला नाही. "विचारलं तर बिघडलं काय?" म्हणाला.

दुनळी बंदूक तीन तुकड्यांत सुटते. एक, नळ्या. दोन, दस्ता, त्यातच चाप आणि घोडे. तीन, नळ्यांखाली बसणारा वीतभर लाकडाचा तुकडा, आतून लोखंडी. डावा हात तिथे धरायचा. दिसायला क्षुल्लक, पण तो नसला तर नळ्या दस्त्यावर टिकत नाहीत, बंदूक हातातल्या हातात उघडी पडते. स्वतःची बंदूक बाळगणाऱ्या पहारेकऱ्यांची एक जुनी रीत आहे. घरी आलं की तीन तुकडे तीन जागी. याच्या घरी नळ्या कपाटात, दस्ता ट्रंकेत, आणि तिसरा तुकडा रोज नव्या ठिकाणी. एकदा पाहुण्यांसाठी तांदूळ काढायला वहिनीने डब्यात हात घातला आणि तोच हाती लागला. पाहुण्यांनी पुढे चहासुद्धा जरा सांभाळूनच घेतला.

"चोराला दोन तुकडे सापडले तरी त्याच्या हाती लाकूड आणि पाइप," तो मला समजावून सांगायचा. "तिसरा ज्याच्याकडे, बंदूक त्याची. तो माझ्यापासून लांब जात नाही."

मग बँकेने दारावर कॅमेरे बसवले आणि महिनाअखेरीपासून बंदूकवाला नको म्हणून कळवलं. एजन्सीच्या मालकाला सगळे मेजर म्हणत. कुठल्या फौजेत मेजर होता ते कोणालाच ठाऊक नव्हतं, मिशी मात्र होती. मेजरने याला बोलावून सांगितलं, दुसऱ्या राज्यात सोनं गाळण्याचा कारखाना आहे, पगार दीडपट, राहायला खोली. बारा दिवसांनी बंदुकीसकट हजर व्हायचं. तिकीट विमानाचं, कारखाना देणार.

संध्याकाळी गॅलरीत त्याने मला हे सांगितलं. मला यात काहीतरी काळंबेरं असल्याचा वास आला.

"ज्या मेजरने आठ वर्षांत बसभाडं दिलं नाही, तो विमान देतोय?"

"मेजर नाही, कारखाना."

"रेल्वेने का नको?"

"रेल्वेने दोन दिवस लागतात. मध्ये दोन राज्यं. दर राज्याचा नियम वेगळा, दर स्टेशनावर पोलीस वेगळा. विमानाने गेलं की मधली राज्यं लागतच नाहीत, असं मेजर म्हणाला."

"आणि उतरणार कुठे? ढगात?"

मी म्हटलं, "परवाना आण बघू."

परवाना एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती उशीच्या अभ्र्यात. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: फक्त या राज्याच्या हद्दीत.

"ही ओळ मला माहीत आहे," तो म्हणाला. "मेजर म्हणतो, कारखाना बघून घेईल."

"कारखाना बघेल रे. कोठडीत कोण बसेल? तिथे उतरून पेटी हातात घेतलीस की तू विनापरवाना बंदूकवाला. बावीस वर्षांचा चांगुलपणा दारापर्यंतसुद्धा पुरायचा नाही."

त्याने परवाना मिटला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हे सगळं का सांगतोय, याचा तो अंदाज घेत होता. ती नजर मी ओळखत होतो. बँकेत शिरणाऱ्या प्रत्येकाकडे तो तसंच बघायचा.

दुसऱ्या दिवसापासून तो परवाना कार्यालयाच्या रांगेत उभा राहायला लागला. पाच दिवस. रांगेत त्याला कोणी हरवू शकत नव्हतं. उभं राहण्याचाच तो पगार घ्यायचा. सहाव्या दिवशी दुसऱ्या राज्यासाठी शिक्का मिळाला. शिक्क्याची एक कड पुसट उठली होती. हा कारकुनाला म्हणाला, "साहेब, पुन्हा एकदा मारा."

"काका, दोनदा मारला तर खोटा वाटेल."

"आणि पुसट राहिला तर?"

"तर जुना वाटेल. जा आता."

तारीख, सही, राज्याचं नाव त्याने खिडकीतच तीनदा वाचलं. मागचा माणूस ओरडला, "काका, पाठ करून म्हणून दाखवायचंय का?"

सामान कसं बांधायचं ते मी सांगितलं. एकतीस वर्षं मी तेच बघत आलो होतो. बंदुकीची पेटी कडक हवी, दोन कुलपांची. काडतुसं वेगळ्या डब्यात, मोजून, कागदावर लिहून. हातातल्या पिशवीत, खिशात, शिवणीत एकही काडतूस नको. बंदूकवाल्यांची माती तिथेच होते. जुन्या कोटाच्या फाटक्या खिशातून एखादं अस्तरात उतरलेलं असतं, माणूस विसरतो, मशीन विसरत नाही. वहिनीने सगळे कपडे उलटे करून शिवणी चाचपल्या.

"आणि एक ध्यानात ठेव," मी म्हटलं. "काउंटरवर गेल्या गेल्या आधी तू बोल. बंदूक आहे, रिकामी आहे, हा परवाना. मशीनने बोलायच्या आधी तू बोललास तर तू प्रवासी. मशीन आधी बोललं तर तू आरोपी."

पेटीत त्याने जुन्या गादीचा स्पंज सुरीने कापून तीन खाचे केले होते. काम सुबक होतं. नळ्या, दस्ता, तुकडा, तिन्ही घट्ट बसले. मी पेटी उचलून हलवली. आत काही हललं नाही. मी म्हटलं, "झकास."

मग त्याने विचारलं, "ही पेटी विमानात कोण ठेवतं?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे किती जण?"

"पाळीला अकरा."

"सगळे ओळखीचे?"

"सगळे कष्टाचे. आणि काय पाहिजे?"

त्याने पेटीची दोन्ही कुलपं पुन्हा ओढून पाहिली. दोन वर्षांपूर्वी एका प्रवाशाचा कॅमेरा गेला होता. आम्हा अकरा जणांचे बूट, डबे, मोजे सगळं उघडून पाहिलं होतं. कॅमेरा पुढे प्रवाशाच्या मेहुण्याकडे सापडला. पण आमचे मोजे उतरवलेलेच लोकांच्या लक्षात राहिले. मी ते त्याला सांगितलं होतं, सांगायला नको होतं. त्याचं ते कुलपं ओढणं मला लागलं. मी उठलो आणि घरी गेलो.

निघायचा दिवस. माझी पाळी चालू होती. सहा वाजून गेले होते. पट्ट्यावरून बॅगा उतरत होत्या. अशा वेळी माणूस चेहरे बघत नाही, मुठी बघतो: कुठली मूठ तुटकी, कुठली बॅग कुठून धरायची. ती पेटी आली. वर लाल चिठ्ठी: रिकामं शस्त्र, तपासलेलं. मी पुढे होऊन स्वतः उचलली.

आत काहीतरी हललं.

फार नाही. दस्ता जरासा सरकला, टक् झालं. शेजारची खाच रिकामी असेल तरच तो सरकेल. आदल्या संध्याकाळी मीच हलवून पाहिली होती. हाताला वजन कळतं. पावशेर इकडेतिकडे झालं तरी कळतं. मी तिथेच थांबलो. मागे बॅगा साचायला लागल्या.

पहिला संशय मला आमच्यातल्याच एकाचा आला, हे लिहायला लाज वाटते. मी पट्ट्यावरच्या दोघांकडे पाहिलंसुद्धा. मग कुलपं पाहिली. दोन्ही शाबूत. म्हणजे पेटीतून काही गेलेलं नाही. ते पेटीत ठेवलेलंच नाही. मग ते कुठे आहे, हे मला लख्ख कळलं. त्याच्याजवळ.

बंदुकीचा तुकडा हातातल्या पिशवीत घेऊन तो प्रवाशांच्या तपासणीकडे चालला होता. कायद्याला तुकडा आणि अख्खी बंदूक यांत फरक नाही. तो तुकडा मशीनखाली गेला की परवाना, शिक्का, पाच दिवसांची रांग, सगळं मातीत.

आमचे फोन मुकादमाच्या टेबलावर ठेवलेले असायचे. मी पेटी बाजूला ठेवली, पट्टा सोडला आणि धावलो. एकतीस वर्षांत पट्टा सोडून पळालो तो तेवढाच. फोन लावला. वाजला. उचलला नाही. पुन्हा लावला. सहा वेळा लावला.

तो कसा उचलणार? त्याने कमरेचा पट्टा, घड्याळ आणि फोन ट्रेमध्ये ठेवला होता, आणि ट्रे मशीनच्या तोंडाशी रांगेत होता. सगळ्यांसमोर तो वाजत होता. मागून पिशवी येत होती. तपासणीवरच्या बाई फोनकडे बघत होत्या, मग पडद्याकडे. पडद्यावर पिशवी आली आणि पट्टा थांबला.

दहा मिनिटांत मलाही दोन शिपाई घेऊन गेले. छोटी खोली, टेबल, दोन खुर्च्या. तपासणीच्या बाई उभ्या. वय पस्तिशीचं, आवाज थंड. तो खुर्चीत बसलेला. खुर्चीवर मी त्याला क्वचितच पाहिला होता. टेबलावर वहिनीने धुतलेला पांढरा टॉवेल, त्यावर तो तुकडा.

"हे काय आहे?" बाईंनी त्याला विचारलं. ते त्यांना माहीत होतं.

"लाकूड."

"लाकडात लोखंड कशाला?"

"धरायला."

"काय धरायला, काका?"

त्याने सुस्कारा सोडला. "बंदूक. बंदूक खाली गेली आहे. कागद केलेत. हा तिचा तुकडा."

"म्हणजे बंदूक खाली पाठवून अर्धी वर घेऊन चालला होतात."

"अर्धी नाही मॅडम. तिसरा हिस्सा."

दारातला शिपाई खाली बघून हसला. बाई हसल्या नाहीत. "पेटीत का नाही ठेवलात? काउंटरवर का नाही सांगितलंत? शिपायाने विचारलं नाही, सगळे भाग आहेत का?"

"विचारलं. मी म्हटलं, कागदाप्रमाणे आहे. कागदात तुकडे लिहिलेले नाहीत."

"का ठेवलात जवळ?"

तो माझ्याकडे न बघता बोलला, "खाली सामान चढवणाऱ्यांचा भरवसा नाही."

मी भिंतीला टेकून उभा होतो. बाईंनी माझ्याकडे मान वळवली. "आणि तुम्ही खाली सामान चढवता. यांना तुमचे सहा फोन. नेमके त्याच मिनिटाला. तुम्हाला कसं कळलं, यांच्या पिशवीत काय आहे?"

"पेटी हलली."

"काय?"

"पेटी उचलल्यावर आत टक् झालं. काल होत नव्हतं."

"काल तुम्ही पेटी पाहिली होती?"

"मीच बांधायला सांगितली."

हे तोंडातून गेलं आणि मलाच ऐकू आलं ते कसं वाटतं. आत काम करणारा माणूस, बंदुकीची पेटी बांधायला शिकवतो, ती स्वतः उचलतो, आणि बंदूकवाल्याला फोनवर फोन करतो. बाईंनी माझ्या गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला. त्या जागी मी असतो तर मीही काढला असता.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, तीच बँकेच्या दारातली नजर. फोन वाजला नसता तर बाईंनी पिशवी नीट पाहिली नसती, असं त्याच्या मनात चाललं होतं. मला ते वाचता येत होतं.

पंचनामा झाला. विमान गेलं. पेटी परत उतरवली, ती मात्र माझ्या पाळीतल्या सोबत्यांनीच. बंदूक, तुकडा, काडतुसं, परवाना, सगळं पोलिसांच्या मुद्देमाल खोलीत. त्याला तीन दिवसांनी जामीन मिळाला. मेजरला फोन लावला तर तो म्हणाला, "कोण? अच्छा. त्यांनी आमची नोकरी मागच्या महिन्यातच सोडली." कारखान्याने दुसरा माणूस घेतला. माझा पास चौकशी होईपर्यंत, नऊ आठवडे बंद.

जामिनाच्या दुसऱ्या दिवशी वहिनी आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"भावोजी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"तुम्हीच कळवलंत ना वर?"

माझी बायको आतून म्हणाली, "अगं बाई!"

"ते म्हणाले, आदल्या दिवशी तुम्ही रागावून गेलात. त्यांनी अकरा जणांचं विचारलं म्हणून."

"वहिनी, कळवायचंच असतं तर मी वरच्यांना एक फोन केला असता. त्याला सहा कशाला?"

तिने विचार केला. "तेही आहे," म्हणाली. पण गेली ती मान हलवत. पुढे जिन्यात भेटलो की ती भिंतीकडून जायची आणि तो कठड्याकडून.

विमानतळाबाहेर फरशांचं गोदाम होतं. तिथला मुकादम माझ्या ओळखीचा. पास बंद असताना मी तिथे खोकी उचलायला जायचो. मी मुकादमाला म्हटलं, एक माणूस आहे, बावन्न वर्षांचा, पण अंगचोर नाही. केस चालू असलेल्याला दुसरीकडे कोणी घेत नव्हतं. मुकादमाने निरोप धाडला. तो आला आणि पहिलाच प्रश्न, "माझं नाव कोणी सांगितलं?"

"काम पाहिजे की नाव पाहिजे?" मुकादम म्हणाला.

त्याने मला पाहिलं, ओळख दाखवली नाही, खोकी उचलायला लागला. फरशांचं खोकं अठ्ठावीस किलोचं. दिवसाला दोनशे. तो पाठीने उचलत होता. बंदूकवाल्याची पाठ ताठ राहायला शिकलेली असते, वाकायला नाही. दोन दिवस मी बघितलं. तिसऱ्या दिवशी जवळून जाताना म्हटलं, "मांड्यांनी उचल. पाठीने उचलशील तर महिन्यात आडवा होशील."

"तुला कोणी विचारलं?"

"पाठीने."

दुपारनंतर मात्र तो गुडघ्यांत वाकून उचलत होता. मी न बघितल्यासारखं केलं. माझे नऊ आठवडे संपले, पास मिळाला, मी परत गेलो. तो गोदामातच राहिला. पहाटे पावणेचारला त्याच्या खिडकीत दिवा तसाच लागायचा. पुसायला काही नव्हतं. तो वर्तमानपत्र पसरून नुसता बसलेला दिसायचा.

केस अकरा महिने चालली. वकील तरुण मुलगी होती, चटकन बोलायची. तिने याला पढवलं होतं: एवढंच सांगायचं, चूक झाली, लपवण्याचा हेतू नव्हता. तिने तीन गोष्टी काढल्या. परवान्यावरचा नंबर तिन्ही तुकड्यांवर कोरलेला होता, टेबलावरच्या तुकड्यावरही. काउंटरवर हा स्वतःहून आधी बोलला होता, तसा कागद होता. आणि तिसरी, माझे फोन. फोन कंपनीच्या नोंदीत पहिला फोन सहा एक्केचाळीसला. मशीन थांबलं सहा त्रेचाळीसला. ज्याला लपवाछपवीत साथ द्यायची तो मशीनच्या तोंडाशी फोन वाजवत नाही, असं ती म्हणाली.

न्यायाधीशांनी पोलिसांकडून बंदूक मागवून तुकडा बसवून पाहायला सांगितला. बसला. मग त्यांनी याला विचारलं, "बंदुकीचा तुकडा ही कायद्याने बंदूकच, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

वकीलबाई याच्याकडे डोळे मोठे करून बघत होत्या.

"माहीत होतं साहेब," तो म्हणाला. "म्हणूनच जवळ ठेवला."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी मात्र बंदुकीवरचा तुकडा काढून हातात घेतला. "म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या हाती अख्खी पडू नये म्हणून?"

"होय साहेब. बावीस वर्षं तेच करतो. दुसरं काही येत नाही."

पंधरा दिवसांनी तो सुटला. हेतू दिसत नाही, निष्काळजीपणा दिसतो, अशी समज देऊन. परवाना परत करायचा आदेश झाला. दुसऱ्या राज्याचा शिक्का रद्द झाला, मुदतच संपली होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात तो माझ्याजवळ आला. वहिनी मागे उभी.

"सहा एक्केचाळीस," तो म्हणाला.

"होय."

"मी तपासणीच्या त्या मॅडमना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, फोन वाजला नसता तरी पिशवी अडकलीच असती. लोखंड पडद्यावर काळं दिसतं."

"खातरजमा झाली?"

"झाली."

माफी वगैरे त्याने मागितली नाही. मी थांबून राहिलो, तसं म्हणाला, "भरवसा नव्हता तो बाकीच्या दहा जणांचा. तुझा नव्हे."

"मग माझ्या हातात द्यायचास तुकडा. मी पेटीबरोबर ठेवला असता."

"तुझ्या खिशात सापडला असता तर तू आत गेला असतास. तुझ्याकडे तर परवानाही नाही."

बरोबर होतं ते. वहिनी पुढे आली आणि म्हणाली, "भावोजी, घरी चला, चहा ठेवते." मी म्हटलं, पाळी आहे. पाळी नव्हती. तेवढा राग मी ठेवला होता. दोन दिवसांनी गेलो.

परवाना हातात यायला आणखी दोन महिने गेले. बंदूक सोडवायला मीही बरोबर गेलो. मुद्देमाल खोलीचं छत गळत होतं. पेटी कोणीतरी उघडून ठेवली होती, स्पंजने पाणी धरलं होतं. नळ्यांवर तांबूस गंज, घोडे अडकलेले, दस्ता फुगून चीर गेलेली. शिपाई म्हणाला, "मिळाली हे नशीब समजा. सही करा." त्याने तिन्ही तुकड्यांवरचा नंबर तीनदा वाचला, मग सही केली. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला पेटी मांडीवर घेऊन बसला आणि अंगठ्याने नळीवरचा गंज घासत राहिला. अंगठा लाल झाला, गंज गेला नाही. त्याच्या अंगठ्याची कातडी आता खोकी उचलून माझ्यासारखीच जाड झाली होती.

मेजरचा निरोप आला होता. धान्याच्या गोदामावर बंदूकवाला हवा, याच शहरात. हा मेजरकडे गेला नाही. थेट गोदामवाल्याकडे गेला, मालक कोण ते विचारलं, गोदामाची मागची भिंत पाहिली, तिच्यातली खिडकी पाहिली, आणि सांगितलं, बंदूक दुरुस्त झाली की येतो.

बंदुकीच्या कारागिराने महिना घेतला. नळ्या घासून पुन्हा काळ्या केल्या, दोन स्प्रिंगा नव्या टाकल्या, दस्त्याची चीर भरून पितळी खिळा मारला. फरशांची दिवसाला दोनशे खोकी, अकरा महिने आणि वर तीन. त्यातून घर चाललं, वकीलबाईंची फी गेली, आणि जे उरलं ते कारागिराच्या हातावर ठेवून त्याने आपली बंदूक उचलली.